चेफालू: सिसिलीतलं समुद्रकाठचं जुनं गाव, घाई न करता कसं बघायचं

चेफालूला मी दोनदा गेले आणि पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने गेले. सिसिलीच्या राजधानीत, पालेर्मोला, मुक्काम होता, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सकाळी अकराच्या सुमारास ट्रेनने उतरलो, भर गर्दीत चर्च बघितलं, किनाऱ्यावर फोटो काढले, जेवलो आणि संध्याकाळी स्टेशनकडे चालायला लागलो. सहज मागे वळून बघितलं तर गावाच्या डोक्यावरचा तो भलामोठा कडा केशरी झालेला, गल्ल्या मोकळ्या झालेल्या, म्हाताऱ्या बायका दारात खुर्च्या टाकून बसायला लागलेल्या, आणि आम्ही निघालेलो. फार जिवाला लागलं ते. म्हणून तीन वर्षांनी परत गेलो, यावेळी आईला घेऊन, सप्टेंबरात, चार रात्री. हे सगळं त्या दुसऱ्या ट्रिपच्या जोरावर लिहितेय, आणि एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर हे गाव तिथे राहणाऱ्यांचं असतं. मधल्या वेळात ते एका दिवसासाठी आलेल्यांचं असतं. त्यामुळे कमीत कमी दोन रात्री तरी काढाच.

गाव कुठे आहे ते आधी

इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मोच्या पूर्वेला साधारण सत्तर किलोमीटर. मागे सरळसोट खडक, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या जागेत अख्खं जुनं गाव कोंबून बसवलेलं. चेफालू हे नावच ग्रीक भाषेतल्या 'डोकं' या शब्दावरून आलंय, कारण लांबून तो खडक समुद्रातून वर आलेल्या डोक्यासारखा दिसतो. ग्रीक, रोमन, बायझंटाईन, मग ८५८ साली अरब आणि १०६३ साली नॉर्मन, असे एकामागून एक सगळे इथे येऊन गेले आणि प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवलं. २०१५ साली इथलं कॅथीड्रल पालेर्मो आणि मोनरेआलेच्या इमारतींबरोबर युनेस्कोच्या यादीत आलं.

कधी जायचं

मे, जून किंवा मग सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. समुद्रात डुंबायचं असेल तर सप्टेंबर सगळ्यात चांगला, कारण पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि इटलीतल्या शाळा सुरू झाल्यामुळे घरंच्या घरं परत गेलेली असतात. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा, ऊन तर आहेच पण १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर निघते, मग खोल्यांचे भाव चढतात आणि वाळूवर टॉवेल टाकायलाही जागा शोधावी लागते. ऑगस्टमध्ये जायचं एकच चांगलं कारण आहे, २ ते ६ ऑगस्टला गावचा उत्सव असतो, गावाच्या रक्षणकर्त्याचा, सान साल्वातोरेचा. शेवटच्या दिवशी जुन्या धक्क्यावर समुद्राच्या वर एक लांब लाकडी खांब आडवा बांधतात, त्याला साबण आणि चरबी फासतात आणि गावातले पोरगे त्यावरून चालत जाऊन टोकाचा झेंडा काढायचा प्रयत्न करतात, एकामागून एक धपाधप पाण्यात पडतात. त्याला 'न्तिन्ना आ मारी' म्हणतात. त्या दिवसांत जाणार असाल तर खोली चार-पाच महिने आधी बघा.

हिवाळ्यात गाव शांत असतं, पण बरीच हॉटेलं आणि बोटी बंद असतात आणि पाऊसही असतो. फक्त चर्च आणि म्युझियम बघायचं असेल तर चालेल.

व्हिसाचं काम

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज जायच्या तारखेच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो, पण पंधरा दिवसांवर अजिबात विसंबू नका, एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही, तीन महिने आधी कामाला लागा. मोठ्यांसाठी फी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा हवा आणि त्यावर शेंगेनमधले सगळे देश लिहिलेले हवेत. आणि एक, तुम्ही इटलीत जास्त रात्री राहणार असाल तरच इटलीकडे अर्ज करायचा, फ्रान्समध्ये सहा रात्री आणि इटलीत तीन असं असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो. बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो.

तिथपर्यंत कसं पोचायचं

मुंबईहून पालेर्मोला थेट विमान नाही. रोम किंवा मिलानला उतरा, तिथून पालेर्मोचं विमान घ्या, रोमहून जेमतेम सव्वा तास लागतो. पालेर्मोचा एअरपोर्ट शहरापासून पश्चिमेला साधारण पस्तीस किलोमीटरवर आहे आणि चेफालू पालेर्मोच्या दुसऱ्या बाजूला, त्यामुळे एअरपोर्टहून ट्रेनने आधी पालेर्मो चेंत्राले स्टेशनला या, तासाभराचं अंतर आहे, आणि तिथे गाडी बदलून चेफालू, अजून पाऊण ते एक तास. दिवसा साधारण तासाला एक गाडी असते, रविवारी कमी. भाडं सहा-सात युरोच्या आसपास. पूर्वेकडे जाताना डाव्या बाजूच्या खिडकीत बसा, समुद्र त्या बाजूला आहे.

आता तिकिटाची जी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती ती सांगते. रीजनल गाडीचं, म्हणजे जवळच्या अंतराच्या अशा गाडीचं, कागदी तिकीट काढलं असेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. मोबाईलवर काढलं असेल तर चढायच्या आधी तिकिटातल्या लिंकवर जाऊन चेक-इन करावं लागतं. तिकीट जवळ आहे म्हणजे झालं असं नाही, शिक्का किंवा चेक-इन नसेल तर दंड होतो. पहिल्या ट्रिपला आमचं चेक-इन राहून गेलं होतं, तपासनीस आल्यावर काय चुकलंय तेच कळेना, शेजारच्या बाईंनी माझ्या हातातला फोन घेऊन दाखवलं तेव्हा उलगडलं. त्या दिवशी सुटलो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

वेळ असेल तर मात्र रोमहून ट्रेननेच या. रोम ते पालेर्मोची इंटरसिटी चेफालूला थांबते, अकरा-बारा तास लागतात, रात्रीची गाडीही आहे. इतका वेळ कशाला घालवायचा असं वाटेल, पण मधे समुद्र आहे आणि पूल नाही, त्यामुळे मुख्य इटलीच्या टोकावरच्या व्हिला सान जोव्हान्नीला गाडीचे डबे तोडतात आणि एकेक तुकडा रुळांवरून थेट जहाजाच्या पोटात ढकलतात. तुम्ही डब्यात बसलेले असता आणि बाहेर खिडकीला लागून जहाजाची लोखंडी भिंत येते, मग दिवे मंद होतात, साखळ्यांचे आवाज येतात. खाली उतरून जिन्याने डेकवर जाता येतं. आई पदर खोचून जिना चढली आणि वर जाऊन कठड्याला धरून उभी राहिली, समोर मेस्सिना बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर मेरीची सोनेरी मूर्ती चमकत होती. "आपली गाडी खालीच आहे ना गं?" असं तिने मला तीनदा विचारलं. समुद्र ओलांडायला अर्धा तासही लागत नाही, पण डबे चढवणं-उतरवणं धरून बराच वेळ जातो, तेव्हा खायला बरोबर ठेवा.

भाड्याची गाडी चेफालूसाठी घेऊ नका. गाव पायी फिरायचं आहे आणि जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र घरी येतं. बाकी सिसिली फिरायची म्हणून गाडी घेणारच असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, आणि पार्किंगच्या रेघा लक्षात ठेवा, निळी म्हणजे पैसे भरून, पांढरी फुकट, पिवळी तिथल्या रहिवाशांची किंवा राखीव.

राहायचं कुठे

तीन पर्याय आहेत. जुन्या गावात, किनाऱ्याच्या रस्त्यावर किंवा गावाबाहेरच्या रिसॉर्टमध्ये. रिसॉर्ट सोडून द्या, तिथे राहिलात तर परत तेच, गावात फक्त दिवसा यायचं. लहान मुलं असतील आणि सगळा वेळ वाळूतच जाणार असेल तर किनाऱ्याच्या रस्त्यावर घ्या. बाकी सगळ्यांनी जुन्या गावातच.

पण जुन्या गावातलं घर बुक करताना चार गोष्टी विचारा. किती मजले चढायचे आणि लिफ्ट आहे का, कारण बहुतेक ठिकाणी नाहीये आणि जिने उभे आणि अरुंद असतात. आम्ही आईसाठी मुद्दाम पहिल्या मजल्यावरचं घर घेतलं, आणि लक्षात घ्या की त्यांचाही पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच, तळमजल्याच्या वरचा. दुसरं, एसी आहे का. तिसरं, खिडकी कुठल्या गल्लीवर उघडते, दुओमोच्या, म्हणजे कॅथीड्रलच्या, चौकावर असेल तर उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत आवाज. चौथं, जाहिरातीत सीआयएन नावाचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का ते बघा, इटलीत आता पर्यटकांना भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराला तो लागतो, नसेल तर दुसरं घर बघा. टुरिस्ट टॅक्स माणशी, दर रात्री असा वेगळा द्यावा लागतो, बऱ्याचदा रोख मागतात, सुट्टे युरो जवळ ठेवा.

स्टेशनपासून जुनं गाव दहा-बारा मिनिटं चालत. रस्ते दगडी आहेत, मोठी चाकाची बॅग खडखडत ओढत न्यावी लागते, त्यामुळे सामान कमी न्या. आपले बारीक दोन पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांचे नाही.

पहिली संध्याकाळ

सामान टाका आणि काहीही 'बघायला' जाऊ नका. कोर्सो रुज्जेरो हा गावाचा मुख्य रस्ता, त्यावरून सावकाश चालत टोकापर्यंत जा आणि मग कापो मार्कियाफाव्हा नावाच्या बुरुजावर या. सतराव्या शतकातला बुरुज आहे, तिकीट नाही, खाली लाटा खडकांवर आपटत असतात आणि हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर एओलियन बेटांचे निळसर उंचवटे दिसतात. अंगावर घ्यायला शाल किंवा पातळ जॅकेट न्या, सप्टेंबरातही वारा झोंबतो.

तिथून जुन्या धक्क्याकडे आलात की ज्याचे फोटो सगळीकडे बघितलेले असतात ते दृश्य समोर येतं, घरं अगदी पाण्यातून उगवल्यासारखी एकाला एक चिकटून. वाटेत पोर्ता पेस्कारा नावाची कमान लागते, गावाच्या जुन्या वेशीच्या दारांपैकी ही अजून उभी आहे, आणि तिच्या टोकदार कमानीतून मावळता सूर्य आणि समुद्र बरोबर चौकटीत बसतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा.

दुसरी सकाळ: ला रोक्का

आता तो खडक. उंची साधारण २७० मीटर, वाट कोर्सो रुज्जेरोच्या बाजूने सुरू होते, सालिता साराचेनी अशी पाटी दिसेल. वरच्या भागाला तिकीट आहे, दार उघडायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि पाऊस-वादळ असेल तर बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी खाली लावलेला बोर्ड वाचून ठेवा. दार उघडताच आत शिरा. नऊ-साडेनऊनंतर ऊन डोक्यावर येतं आणि वाटेवर सावली फार कमी.

बूट मात्र चांगले हवेत, चप्पल-सँडल अजिबात नको. वाटेवरचे चुनखडीचे दगड हजारो पायांनी झिजून गुळगुळीत झालेत, चढताना काही वाटत नाही, उतरताना घसरतात. माणशी लीटरभर पाणी घ्या.

अर्ध्यावर, अर्ध्या-पाऊण तासात, डायनाचं देऊळ म्हणून ओळखली जाणारी वास्तू लागते. प्रचंड मोठे दगड एकावर एक रचलेले, ख्रिस्तपूर्व काळातले, आणि आत त्याहूनही जुनं पाण्याचं टाकं. माझ्या मते बहुतेकांनी इथवर यावंच. गुडघ्यांचा त्रास असेल तर इथूनच परत फिरा, दुओमोचे दोन मनोरे आणि लाल कौलांचं अख्खं गाव इथूनही बघायला मिळतं. पुढे शिखरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, तिथून दोन्ही बाजूंचा किनारा दिसतो, अजून अर्धा तास चढ. जाऊन-येऊन सगळं मिळून दोन ते अडीच तास धरा. आई खाली चौकात कॉफी घेऊन बसली होती, आम्ही तिला वरून फोन केला आणि तिने तिथून रुमाल हलवला, आम्हाला तो दिसला.

खाली उतरलात की नाश्ता. सिसिलीत उन्हाळ्यात सकाळी ग्रानिता आणि ब्रियोश खातात, म्हणजे बर्फाचा मऊसर किसल्यासारखा गोळा, बदामाचा, लिंबाचा, पिस्त्याचा किंवा तुतीचा, आणि त्यात बुडवायला गोडसर पाव. बदामाचा घ्या, आणि तुतीचा दिसला तर तोही सोडू नका.

दुओमो, आणि तिथे नेमकं काय बघायचं

गोष्ट अशी सांगतात की नॉर्मन राजा रॉजर दुसरा समुद्रात वादळात सापडला, वाचलो तर जिथे पाय टेकतील तिथे देऊळ बांधीन असा नवस बोलला आणि चेफालूला लागला. दंतकथा खरी असो नसो, बांधकाम ११३१ साली सुरू झालं हे नक्की. बाहेरून बघितलं तर किल्ला वाटतो, दोन चौकोनी मनोरे. त्या दोघांची टोकं नीट बघा, एक चौकोनी आणि एक अष्टकोनी आहे.

आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी बरोबर असू द्या. आत गेल्यावर सरळ चालत पुढे जाऊ नका. मागच्या बाकावर बसा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग समोर बघा. वेदीच्या वरच्या अर्धगोलात सोन्याच्या पार्श्वभूमीवर ख्रिस्ताचं भलंमोठं मोझेक आहे, ११४८ सालचं, कॉन्स्टॅन्टिनोपलच्या पद्धतीने काम करणाऱ्या कारागिरांनी केलेलं. एका हाताने आशीर्वाद, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक. त्या पुस्तकाचं एक पान ग्रीक आणि एक लॅटिन आहे, दोन्हीकडे एकच वाक्य, 'मी जगाचा प्रकाश आहे'. आणि मान वर करून छताचं लाकूड बघितलं तर त्यावर अरबी धाटणीची चित्रकारी. एकाच छपराखाली ग्रीक, लॅटिन आणि अरबी असे तिघं, आणि बाराव्या शतकात, मला ते बघून खरंच भरून आलं. ख्रिस्ताच्या कपाळावर दोन बटा सुटून आल्यात त्याही बघा, एवढ्या मोठ्या, गंभीर चेहऱ्यावर त्या बटा कोणीतरी खडा खडा जोडून मुद्दाम केल्यात.

रॉजरला स्वतःला इथेच पुरून घ्यायचं होतं, त्याने जांभळट दगडाच्या दोन शवपेट्याही आणून ठेवल्या होत्या. पण तो पालेर्मोत वारला, तिथेच पुरला गेला, आणि त्याचा नातू फ्रेडरिक दुसरा याने १२१५ साली त्या पेट्याही पालेर्मोला नेल्या. पालेर्मोच्या कॅथीड्रलमध्ये जाल तेव्हा त्या शोधा.

मनोरे, छप्पर आणि बाजूचा ओवऱ्यांचा चौक यांना वेगळं तिकीट आहे, वेगवेगळे टप्पे एकत्र किंवा सुटे घेता येतात. सगळं घ्यायची गरज नाही, पण ओवऱ्यांचा चौक घ्या. जोडखांबांच्या माथ्यावर दगडात कोरलेली चित्रं आहेत, त्यात नोहाचं जहाज आहे, ते शोधायला मुलांना मजा येते. प्रार्थना चालू असेल तर फिरायला देत नाहीत, रविवारी सकाळी जाऊ नका.

दुपार: म्युझियम आणि झोप

दुपारी एक ते चार गाव बंद. दुकानांची शटरं खाली, गल्ल्या ओस. आपणही जेवून आडवं व्हावं हे उत्तम. पण त्याआधी किंवा नंतर तासभर मांद्रालिस्का म्युझियमला द्या, दुओमोपासून दोन मिनिटांवर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका उमरावाने, एन्रिको पिरायनो दी मांद्रालिस्काने, आयुष्यभर जमवलेला खजिना गावाला देऊन टाकला, नाणी, ग्रीक भांडी, हजारो शंख-शिंपले.

तिथे दोन गोष्टींपुढे थांबा. एक, अंतोनेल्लो दा मेस्सिना या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराने काढलेलं अनोळखी माणसाचं चित्र. वहीच्या पानापेक्षा थोडंसं मोठं, तेवढंच. काळा कोट, काळी टोपी, आणि तुमच्याकडे तिरक्या नजरेने बघत ओठाच्या कोपऱ्यात हसतोय, जणू तुमचं काहीतरी त्याला माहितीये. डावीकडे उजवीकडे कुठेही सरका, नजर सुटत नाही. चेहऱ्यावर ओरखड्यांच्या खुणा आहेत, असं सांगतात की आधी जिच्या घरात चित्र होतं ती मुलगी त्या हसण्याला इतकी वैतागली की तिने टोकदार काहीतरी घेऊन त्याला ओरबाडलं. खोलीत बहुतेक वेळा दोन-तीनच माणसं असतात. दुसरी गोष्ट म्हणजे चौथ्या शतकातलं, ख्रिस्तपूर्व, मातीचं मोठं भांडं. त्यावर मासेवाला मोठा सुरा घेऊन टूना कापतोय आणि समोर गिऱ्हाईक हातात नाणं धरून उभं. दोघांचे चेहरे बघा, भाव ठरायचाय अजून. आमच्या आईने ते बघितलं आणि म्हणाली, "हा कमी देणार नाही."

लावातोयो

व्हिया व्हित्तोरियो एमानुएले या रस्त्यावर एक दगडी कमान दिसेल, तिथून काळ्या लाव्हाच्या दगडाच्या गोलसर पायऱ्या खाली उतरतात. खाली गावाची जुनी धुण्याची जागा. चेफालिनो नावाची नदी जमिनीखालून येते आणि इथे भिंतीतल्या बावीस लोखंडी तोंडांतून बाहेर पडते, त्यातली पंधरा सिंहाची. खाली दगडाचे हौद आणि त्यांच्या कडेला उतरते केलेले धुण्याचे दगड, मधोमध वापराने झिजून खोलगट झालेले. पाणी एका हौदातून दुसऱ्यात आणि शेवटी समुद्राला. भिंतीवरच्या पाटीत लिहिलंय की हे पाणी चांदीहून निर्मळ आणि बर्फाहून थंड आहे.

आई तिथे चांगला पाऊण तास बसली. तिचं लहानपण ओढ्यावर धुणं धुण्यात गेलंय. तिने हौदात हात घातला, मग उतरत्या दगडावर तळवा ठेवून म्हणाली की दगडाला उतार बरोबर दिलाय, नाहीतर कंबर जाते. मी हे पुस्तकात कुठे वाचलं नसतं. प्रवेश फुकट आहे, पायऱ्या ओल्या असतात, हात धरून उतरा. सकाळी नऊच्या आधी गेलात तर फक्त पाण्याचा आवाज.

समुद्र

किनारा गावाच्या पश्चिमेला, वाळूचा, आणि पाणी हळूहळू खोल होतं त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनाही बरा. मोठा भाग लीदोंचा, म्हणजे खाजगी चालवलेल्या किनाऱ्यांचा, तिथे छत्री आणि दोन खुर्च्यांचे दिवसाचे पैसे घेतात, पुढची रांग महाग. पण मधे मधे फुकट वाळू असते, त्याला 'स्पियाज्जा लीबेरा' म्हणतात, टॉवेल टाका आणि बसा. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नका, वरून काहीतरी घाला, तिथल्या लोकांना ते आवडत नाही.

खायचं काय, शाकाहाऱ्यांनी विशेष वाचा

सिसिलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. वांगं इथे राजा आहे. पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे तळलेलं वांगं, टोमॅटो आणि वरून खारवलेला रिकोत्ता चीज. कापोनाता म्हणजे वांगी, सेलरी, ऑलिव्ह घातलेली आंबटगोड भाजी. आणि पानेल्ले, हे मूळ पालेर्मोचं, चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घोटतात, थापतात, गार झाल्यावर कापून तळतात, वर लिंबू. आपली पाटवडीच, फोडणी नसलेली. पावात घालून देतात, चटणी बरोबर नेलीत तर विचारायलाच नको.

सावध कुठे राहायचं ते पण सांगते. स्फिन्चोने नावाच्या जाड पिझ्झ्यात बहुतेक वेळा अँकोव्ही मासे असतात. कान्नोलीचं बाहेरचं कवच आणि काही ब्रेड डुकराच्या चरबीत करतात, चरबीला शब्द 'स्त्रुत्तो', तो विचारून घ्या. कडक पाळणाऱ्यांनी चीजमधलं रेनेटही, म्हणजे दूध फाडायला घालतात तो प्राण्याच्या पोटातून काढलेला पदार्थ, लक्षात घ्यावं. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ करा. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर कधी कधी मासे चालतात असं धरतात.

मासे खाणाऱ्यांनी पास्ता कोन ले सार्दे खावा, तारली, रानबडीशेप, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, ऐकायला विचित्र पण चव फार सुंदर. चेफालूचा स्वतःचा पदार्थ म्हणजे पास्ता आ तायानू, मातीच्या भांड्यात थर लावून केलेला, मटण किंवा बीफ, वांगी आणि पेकोरिनो चीज, तेव्हा मांस कुठलं ते विचारूनच मागवा.

जेवण रात्री साडेसातच्या आधी मिळत नाही. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी काही युरो लागतात, ती फसवणूक नाही, टेबलाचा आणि पावाचा चार्ज आहे, मेन्यूवर लिहिलेला असतो. टिप सक्तीची नाही. कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर महाग. समुद्रावर गॅलरी असलेल्या हॉटेलांत जागा हवी असेल तर सकाळीच सांगून ठेवा, आणि खरं सांगू, एकदा दृश्यासाठी तिथे जेवा, बाकीच्या रात्री आतल्या गल्लीत.

घरात स्वयंपाकघर असेल तर एक जेवण घरीच करा. भाजीवाल्याकडून टोमॅटो, वांगी, तुळशीची जुडी घ्या, पण स्वतः हात लावून निवडू नका, बोट दाखवायचं, तो निवडून देतो.

जास्त दिवस असतील तर

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसने कास्तेलबुओनोला जा, मादोनिये डोंगरातलं गाव, वेन्तिमिल्या घराण्याचा किल्ला आणि मान्ना. मान्ना म्हणजे तिथल्या एका झाडाच्या सालीला उन्हाळ्यात चिरा पाडून गोळा करतात तो गोड चीक, वाळून पांढरा होतो, जिभेवर ठेवला की विरघळतो. आता फक्त याच भागात, कास्तेलबुओनो आणि पोल्लिनाच्या आसपास, ही शेती टिकून आहे, म्हणून एक छोटी पुडी तरी आवर्जून घ्या. परतीच्या बसची वेळ जातानाच लिहून घ्या, रविवारी बस फार कमी. उन्हाळ्यात एओलियन बेटांच्या दिवसभराच्या बोटीही निघतात, पण उलटीचा त्रास असेल तर विचार करा. पालेर्मोही चेफालूहून एका दिवसात करता येतं, मी तर म्हणेन मुक्काम इथे आणि पालेर्मोला डे-ट्रिप, आम्ही पहिल्यांदा केलं त्याच्या बरोबर उलट.

शेवटच्या दिवशी विमान असेल तर चेफालूहून एअरपोर्टपर्यंत कमीत कमी तीन तास हातात ठेवा, पालेर्मोला गाडी बदलायची असते आणि एखादी गाडी रद्द झाली तर पुढची तासाने. आमचं विमान दुपारचं होतं, तरी पहाटे सहाला उठून आई एकटी लावातोयोवर जाऊन आली. येताना तिने पाण्याची छोटी बाटली भरून आणली होती, ती एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या आधी झाडाला घातली.